रोजचे 110 किलोमीटर, वर्षाचे 640 तास: छोटी गाडी निवडताना

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: एका वाचक ताईंचं ऑफिस घरापासून 55 किलोमीटरवर आहे. येऊन-जाऊन 110, आठवड्याचे पाच दिवस. एका बाजूचे 40 किलोमीटर मोकळा हायवे आणि उरलेले 15 शहरातली ट्रॅफिक. पोचायला 1 तास 20 मिनिटं लागतात. सध्याची हॅचबॅक 11 वर्षांची, 1,64,000 किलोमीटर पळालेली. त्यात एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही, एअरबॅग नाहीत. ॲव्हरेज लिटरला 14 वर आलंय, ताशी 90 च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि घरी पोचेपर्यंत कंबर धरते. त्यांना पुन्हा छोटीच गाडी हवी आहे, पण त्यातल्या त्यात नवी. समोर दोन गाड्या आहेत, किंमत जवळपास सारखी. एक कोरी, 1 लिटर इंजिनाची, बेस मॉडेल. दुसरी तीन वर्षांची, 48,000 किलोमीटर झालेली, 1.2 लिटर, वरचं व्हेरिएंट. भाऊ म्हणतो, एवढं रनिंग असेल तर डिझेलच घे. मैत्रीण म्हणते, इलेक्ट्रिक घे. पण इमारतीच्या पार्किंगमध्ये प्लग नाही. ट्रॅफिकमुळे ऑटोमॅटिक घ्यावी असंही मनात आहे. पत्राचा शेवट असा: "सगळ्यात जास्त ॲव्हरेज देणारी कोणती, एवढंच सांगा."

उत्तर:

ॲव्हरेजचाच हिशोब आधी करू, कारण तुमचा सगळा निर्णय त्याच्यावर अडला आहे. वर्षाचे 48 आठवडे धरले तर तुमची गाडी वर्षाला 26,400 किलोमीटर पळते. लिटरला 14 ने त्याला सुमारे 1,886 लिटर पेट्रोल लागतं. 18 देणारी गाडी आली तर 1,467 लिटर, म्हणजे वर्षाला 400 लिटरच्या वर वाचतात. ही बचत खरी आहे आणि आजच्या कुठल्याही बऱ्या छोट्या पेट्रोल गाडीने ती होईल. पण त्यापुढे काय होतं ते बघा. 14 वरून 16 वर गेलं की 236 लिटर वाचतात. 20 वरून 22 वर गेलं की फक्त 120, महिन्याला 10 लिटर. आकडा दोनचाच, पण वरच्या टोकाला त्याची किंमत निम्मी होते. जाहिरातींमध्ये चुरस असते ती नेमकी या वरच्या टोकाला.

शिवाय कॅटलॉगमधला आकडा तुमच्या रस्त्यावरचा नसतो. युरोपात 2017 पासून लागू झालेल्या डब्ल्यूएलटीपी या इंधन-वापराच्या चाचणीत गाडी प्रयोगशाळेतल्या रोलरवर 30 मिनिटं, सुमारे 23 किलोमीटर पळवतात. तिचे कमी वेगापासून अति वेगापर्यंत चार टप्पे असतात. तुमच्या गाडीचे असे टप्प्याटप्प्याचे आकडे मिळत असतील तर एकत्रित आकडा सोडा आणि वरच्या दोन टप्प्यांचे बघा. तुमचे 110 पैकी 80 किलोमीटर तिथेच जातात. आणि एक गोष्ट तर गाडी न बदलताही हातात आहे. ताशी 95 ऐवजी 110 ने गेलात तर हवेचा रोध साधारण एक तृतीयांशाने वाढतो आणि 40 किलोमीटरला वाचतात जेमतेम साडेतीन मिनिटं.

आता दुसरा हिशोब, जो पत्रात कुठेच नाही. दिवसाचे 2 तास 40 मिनिटं म्हणजे वर्षाला 640 तास. आठ तासांची पाळी धरली तर पूर्ण 80 दिवस तुम्ही त्या सीटवर असता. तुमची कंबर याच हिशोबात बसते, ॲव्हरेजच्या नाही. म्हणून माझं म्हणणं असं आहे: इंजिन, वॉरंटी आणि देखभाल किलोमीटर बघून ठरवा; सीट, गिअरिंग, आवाज आणि ब्रेक तास बघून ठरवा. तुमच्यासारखं रोजचं लांब येणं-जाणं असलेल्या कोणालाही हेच लागू आहे. दिवसाला 20 किलोमीटर चालवणाऱ्याने विचारलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं.

जुनी गाडी खरंच संपली आहे का?

तिची थरथर हे म्हातारपण नसावं. ठरावीक वेगाच्या पुढे स्टिअरिंग हलतं, ब्रेक मारला नाही तरी हलतं, तर बहुतेक वेळा पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग गेलेलं असतं किंवा रिम वाकलेली असते. फक्त ब्रेक मारल्यावर हललं तर डिस्ककडे बघायचं. फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी थरथरली तर ड्राइव्ह शाफ्टच्या (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याच्या) आतल्या जॉइंटकडे. ॲव्हरेज 14 वर येण्यामागे कमी हवा, तुंबलेला एअर फिल्टर, उघडाच अडकलेला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन कधी पुरतं गरमच होत नाही, किंवा घासत राहणारा ब्रेक असू शकतो. हायवेवरून उतरल्यावर चारही चाकांजवळ हात नुसता धरून बघा (रिमला लावू नका). एकाच चाकातून जास्त धग येत असेल तर ब्रेक सुटत नाही.

हे सगळं दुरुस्त होतं आणि नवी गाडी शांतपणे शोधायला दोन-तीन महिने मिळतात. तरीही गाडी बदला, असंच सांगेन. वर्षाला 20,000 च्या आसपास किलोमीटर हायवेवर, आणि एबीएस नाही, एअरबॅग नाहीत, हे मला पटत नाही. ॲव्हरेज 20 असतं तरी हेच म्हटलं असतं.

ज्यावर तडजोड नको

एबीएस आणि एअरबॅगच्या जोडीला ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, हवंच. ओल्या रस्त्यावर अचानक लेन बदलावी लागली आणि गाडीचं मागचं अंग सरकायला लागलं, तर हे एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून गाडी सरळ धरतं. छोट्या, हलक्या गाड्यांनाही याची गरज असते, आणि बेस मॉडेलमधून गाळायचं काही असेल तर पहिली कुऱ्हाड यावरच पडते. युरोपात 2014 पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे. सगळीकडे तसं नाही. कोरी गाडी घेण्याआधी त्या व्हेरिएंटच्या तपशिलात ईएससी आहे का ते स्वतः वाचा. सेल्समनच्या "सगळं आहे त्यात" वर जाऊ नका. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा क्षणभर लागून विझतो. तो लागलाच नाही तर विचारा.

अपघात चाचणीचे स्टार बघताना वर्ष बघा. निकष दर काही वर्षांनी कडक होत जातात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच स्टार आणि आजचे पाच स्टार एक नाहीत. तसंच एकाच नावाची गाडी वेगवेगळ्या देशांत वेगळ्या मजबुतीची आणि कमी-जास्त एअरबॅगची असू शकते. तुमच्याकडे विकल्या जाणाऱ्या गाडीचाच निकाल धरा.

सीटवर बसून बघायचं ते असं

इथे घाई करू नका, कारण कंबरेचं उत्तर इथेच आहे. टेस्ट ड्राइव्हला रोजचे बूट-चपला घालून जा. मागच्या खिशात पाकीट, मोबाइल ठेवू नका. सीटवर अगदी मागे टेकून बसा, पाठ आणि सीट यांत फट नको. आधी उंची: डोकं आणि छत यांत मूठभर जागा राहील आणि बॉनेटपलीकडचा रस्ता मान न ताणता दिसेल, इतकी. मग सीट पुढे-मागे करा: क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय सरळ ताठ होत असेल तर प्रत्येक गिअरला कंबर पुढे ओढली जाते, आणि ट्रॅफिकमध्ये हे शेकडो वेळा होतं. गुडघ्यामागे आणि सीटच्या पुढच्या कडेमध्ये दोन-तीन बोटांची जागा हवी. वीतभर राहत असेल तर सीट आखूड आहे. मांडीला आधार नाही, सगळा भार माकडहाडावर. छोट्या गाड्यांत हा दोष फार आढळतो, आणि उशी लावून तो जात नाही.

आता खांदे सीटला टेकवून हात सरळ पुढे करा आणि मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर ठेवा. खांदे न उचलता मनगट टेकलं तर अंतर बरोबर. टेकत नसेल तर स्टिअरिंग जवळ यायला हवं, आणि इथेच छोट्या गाड्या अडतात. बऱ्याच छोट्या गाड्यांचं स्टिअरिंग वर-खाली होतं, पण पुढे-मागे होत नाही. मग माणूस एकतर सीट पुढे ओढून गुडघे दुमडतो, नाहीतर हात लांबवून खांदे गळून बसतो. स्टिअरिंग पुढे-मागे होणं आणि सीटची उंची बदलणं, या दोन सोयींसाठी वरच्या व्हेरिएंटचे जास्तीचे पैसे द्या. मोठी स्क्रीन, रंगीत लायटिंग, अलॉय व्हील्स यांसाठी देऊ नका.

छातीपासून स्टिअरिंगच्या मधल्या भागापर्यंत 25 सेंटिमीटर तरी अंतर राहू द्या, एअरबॅग उघडायला तेवढी जागा लागते. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या वरच्या पातळीपर्यंत यायला हवी. काही स्वस्त मॉडेल्समध्ये तो सीटलाच जोडलेला आणि आखूड असतो. आणि खाली वाकून पेडल्स बघा. छोट्या गाडीत पुढच्या चाकाची कमान आत येते म्हणून पेडल्स एका बाजूला सरकवलेली असतात. कंबर सरळ आणि पाय तिरपे, असं रोज पावणेतीन तास बसून काय होतं ते सांगायला नको. डाव्या पायाला क्लचशेजारी टेकायला जागा आहे ना, तेही बघा.

शोरूमची दहा मिनिटांची चक्कर या कामाची नाही. सीट दुखते की नाही ते पाऊण तासाने कळतं. तुमच्याच रस्त्यावर, तुमच्याच वेळेला, निदान 40 मिनिटं गाडी मागा. देत नसतील तर तेच मॉडेल एक दिवस भाड्याने घेऊन ऑफिसला जाऊन या. त्या एका दिवसाचं भाडं वाया जाणार नाही.

इंजिन: 1 लिटर की 1.2?

"लहान इंजिन म्हणजे कमी पेट्रोल" हे शहरात बऱ्याच अंशी खरं. हायवेवर गिअरिंग जास्त महत्त्वाचं. टेस्ट ड्राइव्हला टॉप गिअरमध्ये ताशी 100 वर आरपीएमचा काटा बघा. 2,500 च्या आसपास असेल तर गाडी निवांत आहे. 3,300-3,500 असेल तर चालेल, पण तो आवाज रोज 80 किलोमीटर कानाशी राहील, याची तयारी ठेवा. मग एसी चालू ठेवून चौथ्या गिअरमध्ये 70 ते 100 पर्यंत पिकअप बघा; ट्रकला ओव्हरटेक करताना लागतो तो हाच. साध्या 1 लिटर इंजिनाला इथे दम लागतो आणि तुम्हाला सारखा तिसरा टाकावा लागतो. मग त्याचं कागदावरचं ॲव्हरेज राहत नाही. तीन सिलिंडर म्हणून घाबरू नका. त्यांची थरथर उभ्या गाडीत आणि कमी आरपीएमला जाणवते, हायवेच्या वेगाला ती निवळते.

टर्बो असलेलं 1 लिटर इंजिन ही वेगळी गोष्ट. 1,500-1,800 आरपीएमपासूनच ते जोर देतं, ओव्हरटेक सोपं होतं. पण त्याला ऑइल वेळेवर आणि कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच लागतं; टर्बोचं बेअरिंग त्याच ऑइलच्या पातळ थरावर फिरतं. वापरलेली टर्बो गाडी असेल आणि ऑइल बदलल्याच्या नोंदी नसतील तर ती सोडून द्या.

इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवणारी टायमिंग चेन आहे की बेल्ट, हेही विचारा. बेल्ट असेल तर किती किलोमीटरला आणि किती वर्षांनी बदलायचा ते मॅन्युअलमध्ये वाचा. तुमच्या रनिंगला 1,00,000 चा बेल्ट चार वर्षांच्या आत येतो. बहुतेक आधुनिक इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. काही इंजिनांत हा बेल्ट इंजिनाच्या आत, ऑइलमध्ये भिजून फिरतो. चुकीचं किंवा जुनं ऑइल राहिलं तर त्याचं रबर फुगतं, त्याचे कण सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि ऑइलचं प्रेशर पडतं. अशी गाडी घ्यायचीच असेल तर पूर्ण सर्व्हिस रेकॉर्डशिवाय नको.

भावाचं डिझेल, मैत्रिणीची इलेक्ट्रिक

भावाचं गणित अगदीच चुकीचं नाही. डिझेलच्या सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर साफ व्हायला तो चांगला तापावा लागतो, आणि तुमचा सलग 40 किलोमीटरचा हायवे त्याला मानवतो. तो तुंबतो तो गावातल्या गावात फिरणाऱ्यांचा. पण छोट्या हॅचबॅकमध्ये डिझेल आता कमी उरलंय, जे मिळेल ते जुनं आणि खूप पळालेलं असेल, आणि इंजेक्टर किंवा टर्बोचं एकच मोठं काम दोन वर्षांची बचत खाऊन टाकू शकतं. शिवाय शहरात जुन्या डिझेलला प्रवेशाचे आणि वयाचे नियम काय आहेत ते तुमच्या भागापुरते आधी बघावे लागतील. तुमच्यासाठी मी डिझेल बाजूला ठेवेन.

इलेक्ट्रिकला मात्र तुमचं रनिंग फार साजेसं आहे. हायवेच्या वेगाला छोटी इलेक्ट्रिक गाडी 100 किलोमीटरला साधारण 15 युनिट घेते, म्हणजे रोज 16-17 युनिट. साध्या 2.3 किलोवॉटच्या प्लगवर, वाया जाणारी वीज धरून, आठ-नऊ तासांत ते भरतं. रात्री लावली की सकाळी तयार. कंपनीची जाहीर रेंज हायवेवर 70 टक्केच धरा आणि थंडीत आणखी कमी. अडचण एकच, पण ती निर्णायक आहे: प्लग नाही. रोज बाहेरच्या चार्जरवर रांग लावायची म्हणजे तुमच्या 640 तासांत भरच. सोसायटीत मीटर मिळण्याची खटपट आजपासून सुरू करा. वर्षभरात मिळण्याची खात्री असेल तर जुनीच गाडी बॅलन्सिंग करून चालवावी का, हा विचार मनात येईल. पण ब्रेक आणि एअरबॅगमुळे मी तेवढं थांबणार नाही. हायब्रीडचं म्हणाल तर तिचा मोठा फायदा तुमच्या 15 किलोमीटरच्या ट्रॅफिकमध्ये आहे, मोकळ्या 40 मध्ये तो बराच घटतो.

ऑटोमॅटिक

हवीशी वाटणं साहजिक आहे, पण "ऑटोमॅटिक" या एका शब्दामागे चार वेगळी यंत्रं आहेत. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स. क्लच आणि गिअर मशीन टाकतं. ॲव्हरेज मॅन्युअलइतकंच, पण गिअर बदलताना झटका बसतो आणि ओव्हरटेकला क्षणभर विचार करते. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरच नसलेली, ट्रॅफिकमध्ये लोण्यासारखी चालते; हायवेवर जोरात दाबली की आवाज आधी वाढतो, वेग मागून येतो. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी द्रवातून जोर पोचवणारी, रोजच्या वापराला सगळ्यात सोशिक. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लच आळीपाळीने वापरणारी, हायवेवर सुंदर, पण त्यातला कोरड्या क्लचचा प्रकार रेंगाळत्या ट्रॅफिकमध्ये तापतो. एएमटी आणि कोरड्या ड्युअल क्लचला इंच-इंच पुढे सरकवणं म्हणजे हाफ क्लचच. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदम पुढे जा.

कोणतीही घ्या, चढावर थांबवून पुन्हा उचलून बघा आणि चढावरच रिव्हर्स घेऊन बघा. दोष असेल तर तिथेच दिसतो. वापरलेल्या सीव्हीटीचं ऑइल कधी बदललं ते विचारा; "आयुष्यभर बदलावं लागत नाही" हे उत्तर तुमच्या रनिंगला पुरेसं नाही. 15 किलोमीटरची ट्रॅफिक रोज दोनदा आहे, गुडघा किंवा कंबर आधीच कुरकुरते आहे, तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीवर पैसे घालणं योग्य. एएमटी फक्त स्वस्त आहे म्हणून घेऊ नका. मग हलक्या क्लचची मॅन्युअलच बरी.

कोरी बेस की तीन वर्षांची वरची?

कोऱ्या गाडीची वॉरंटी हे तिचं मोठं आकर्षण, पण अटीतले किलोमीटर वाचा. "तीन वर्षं किंवा 60,000" असेल तर तुमची वॉरंटी 27 महिन्यांत संपते. आणि नव्या गाडीची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वांत वेगाने घसरते. तीन वर्षांच्या गाडीची ती घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते.

48,000 हा आकडा पाहून दचकू नका. ताशी सरासरी 60 ने पळालेल्या गाडीचं इंजिन तेवढ्यात 800 तास चाललं. ट्रॅफिकमध्ये 20 ने रखडलेल्या गाडीचं 2,400 तास. हायवेची गाडी ओळखता येते: बॉनेटच्या पुढच्या कडेला आणि काचेवर खड्यांचे बारीक ओरखडे, पण सीटची कड, गिअर नॉब आणि क्लच पेडलचं रबर तुलनेने धड. उलट रबर गुळगुळीत झालंय आणि मीटर 48,000 दाखवतंय, तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. सर्व्हिस बिलांवरचे किलोमीटर तारखेनुसार लावून बघा.

बघायला जाण्याआधी विकणाऱ्याला सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्या गेल्या बॉनेटला हात लावा, गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू होताना जो खडखड आवाज येतो, जो निळा धूर येतो, तो गरम इंजिन लपवतं. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ असेल, सीटखालच्या रेल गंजल्या असतील, तर गाडी पाण्यात बुडालेली आहे. विषय संपला. टायरच्या भिंतीवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटच्या चार अंकांत आठवडा आणि वर्ष असतं. 2322 म्हणजे 2022 चा 23 वा आठवडा. चारही टायर गाडीच्याच वयाचे आहेत का, की दोनच नवे आहेत, यावरून बरंच कळतं. क्लचसाठी ताशी 50 वर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर एकदम दाबा: आरपीएम वर गेला आणि वेग तिथेच राहिला, तर प्लेट संपली. रिकाम्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवा, टकटक आली तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट गेला.

गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या बिघाडाच्या नोंदी वाचणारा, मोबाइलला जोडणारा छोटा ओबीडी रीडर बरोबर न्या. नुसतं "एकही फॉल्ट कोड नाही" यावर समाधान मानू नका. कोड पुसल्यापासून किती किलोमीटर चालली आणि रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच करायच्या तपासण्या) पूर्ण आहेत का, हे दोन बघा. पाच-दहा किलोमीटरच झाले असतील आणि मॉनिटर अपूर्ण असतील, तर बहुधा इंजिनाचा दिवा लागत होता आणि तुम्ही यायच्या आधी कोणीतरी तो पुसला आहे. यानंतर गाडी तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवून खालून बघून घ्या.

माझा कौल तीन वर्षांच्या 1.2 ला आहे, ती वरच्या परीक्षेत उतरली आणि तुम्ही त्यात 40 मिनिटं न कुरकुरता बसू शकलात तर. पाच वर्षांनी ती 1,80,000 वर असेल, म्हणजे पुढच्या बदलाची वेळ आजच माहीत आहे. तिच्यात ईएससी नसेल आणि कोऱ्या बेसमध्ये असेल, तर कौल फिरेल. दोन्हींत नसेल तर दोन्ही सोडा. बाजारात गाड्या संपलेल्या नाहीत.

वरच्या व्हेरिएंटचे टायर मात्र बघून घ्या. 185/65 आर15 आणि 195/55 आर16 यांचा एकूण व्यास जवळपास सारखाच, पण पहिल्यात टायरच्या भिंतीची उंची 120 मिलिमीटर, दुसऱ्यात 107. तेवढं रबर कमी म्हणजे खड्डा थेट रिमला आणि मग तुमच्या कंबरेला. कंपनीने त्याच मॉडेलला 15 इंची चाकं दिली असतील तर तीच घ्या किंवा बदलून घ्या. डिकीत स्टेपनी आहे की नुसती पंक्चरची बाटली, हेही उघडून पाहा. बाटलीतल्या द्रवाने भिंत फाटलेला टायर चालत नाही, आणि तुमच्या रस्त्यावर टायर गेला तर तो भर हायवेवर जाणार. बारीक स्टेपनी असेल तर तिच्यावर 80 च्या पुढे जायचं नाही.

गाडी घरी आली की आधीच्या मालकाने काहीही सांगितलेलं असो, इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि ब्रेक फ्लुइड बदला. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं आणि दोन वर्षांत निकामी व्हायला लागतं. पुढे ऑइल 10,000 किलोमीटरला बदला, म्हणजे तुमच्याकडे साधारण साडेचार महिन्यांनी. "वर्षातून एकदा सर्व्हिसिंग" हे वाक्य तुमच्यासाठी लिहिलेलं नाही. त्याच वेळी पुढचे टायर मागे, मागचे पुढे करा. पुढची चाकंच ओढतात, वळतात आणि जास्त ब्रेकही झेलतात, म्हणून ती आधी झिजतात. हवा पंधरा दिवसांनी, सकाळी निघण्याआधी, टायर थंड असताना तपासा. हायवेवरून आल्यावर गरम टायरमध्ये घेतलेला आकडा जास्त दिसतो, आणि तो पाहून हवा सोडलीत तर दुसऱ्या दिवशी टायर कमी हवेवर पळेल. जुन्या गाडीचं बॅलन्सिंग मात्र याच आठवड्यात करून घ्या. नवी शोधेपर्यंत रोज त्याच गाडीने जायचंय.